तीन सोडून

हिमायतनगर,
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय आनंदराज,

एवढं लिहून मी एकदा उठले, चहा ठेवला, तो उतू गेला, ओटा पुसला आणि परत येऊन बसले. एकेचाळीस वर्षांच्या बाईने एका संसारी माणसाला ‘प्रिय’ लिहावं की ‘श्री.’ लिहावं, यात अर्धा तास गेला. शेवटी म्हटलं, अकरावीत गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर जे लिहायचे तेच लिहू. हे पत्र तुझ्या बायकोने, पंचशीलाताईंनी, उघडून वाचलं तरी माझी हरकत नाही. उलट त्यांनीही वाचावं. यात लपवण्यासारखं जे आहे ते मी सतरा वर्षं लपवलंय, आणि आता मला त्याचा कंटाळा आलाय.

आबा गेल्याचं तुला आपल्या बॅचच्या ग्रुपवर कळलं. दसरा होऊन चौथ्या दिवशी गेले. तेराव्याला पंगत बसली होती आणि तुझा निरोप आला, सतरा वर्षांतला पहिला. चार ओळी होत्या. पहिल्या तीन सगळेच लिहितात तशा, वाईट वाटलं, काळजी घे, आईकडे लक्ष दे. चौथी फक्त तुझी होती. ‘त्यांच्यावर माझा राग होता हे तुला माहीत आहे, पण मी त्यांना केव्हाच माफ केलंय.’ मी तुला हात जोडल्याचं चित्र पाठवलं, फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि वाढायला गेले. त्या गोष्टीला महिना होऊन गेला. तीन ओळींचं उत्तर त्या चित्रात गेलं, चौथीचं राहिलंय. ते फोनवर मावणारं नाही म्हणून नाशिकचा तुझा पत्ता मागवून घेतला आणि दहा वर्षांनी पोस्टाचं पाकीट विकत आणलं. पोस्टातली बाई माझ्याकडे अशी बघत होती की मी जणू बैलगाडीचं तिकीट मागितलं.

आधी इकडची खबर सांगते. मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, हे तुला माहीत असेल. बारा वर्षं झाली. दोन खोल्या आहेत, वर पत्रे, खाली घरमालकाचं खताचं दुकान, त्यामुळे माझ्या साड्यांनाही युरियाचा वास येतो म्हणतात, मला आता येत नाही. लग्न केलं नाही. लोकांनी विचारायचंही सोडलं, हा वय वाढल्याचा मोठा फायदा. दर शनिवारी दुपारची एसटी धरून मुखेडला आणि तिथून गावी जायचे, ते आता कमी झालंय, कारण तिकडे जाऊन मी आबांशी बोलायचे आणि ते नाहीत. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा. दोनच प्रश्न. जेवलीस का, आणि आज काय शिकवलंस. चौथीपर्यंत शाळा शिकलेला माणूस, पण दुसरा प्रश्न तोंडदेखला नसायचा. मी सांगेपर्यंत फोन ठेवायचे नाहीत. मॅट्रिक्स झालं, लॉगॅरिदम झालं, संभाव्यता झाली. संभाव्यतेवर म्हणाले होते, “हे तर आमचंच हाय गं, पावसाचं.” आता सात वाजतात, मी ताट वाढून घेते, फोन समोर ठेवते आणि जेवते. भिंतीशी बोलायची सवय अजून लागली नाही, पण तिचा रंग पाठ झालाय.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं आणि नेमकी फलनं आली. फलन, त्याचा प्रांत, त्याचा विस्तार. प्रांत म्हटलं की पोरांना लाल दिव्याच्या गाडीतले प्रांतसाहेब आठवतात, म्हणून मी डोमेनच म्हणते. तुला आठवतं का, लातूरला रेवणसिद्ध सर ते कसं शिकवायचे? फळ्यावर गिरणी काढायचे. वरून ज्वारी घातली, खालून ज्वारीचं पीठ आलं. गहू घातला, गव्हाचं आलं. तेच फलन. आणि मग गिरणीच्या भिंतीवर पाटी काढायचे, ‘येथे मिरची दळून मिळणार नाही’. ज्यांना आत घेता येतं त्यांचा संच म्हणजे डोमेन, आणि पाटी दळण घेऊन येण्याआधी वाचायची, मिरची टाकून झाल्यावर नाही. मी अजून तसंच शिकवते. आबांनाही मागे एकदा फोनवर तसंच सांगितलं होतं. ते म्हणाले, “हाव, बरोबर हाय. जात्यात पडल्यावर सांगून काय उपेग.”

त्या दिवशी मी फळ्यावर ते उदाहरण लिहिलं. तुला माहीत आहे कोणतं. वर एक्सचा वर्ग वजा नऊ, खाली एक्स वजा तीन. डोमेन सांगा. साठ पोरांपैकी चाळीस जणांनी दरवर्षी करतात तेच केलं. वरचे अवयव पाडले, एक्स वजा तीन वरूनही कापला, खालूनही कापला, एक्स अधिक तीन उरला आणि लिहून टाकलं की सगळ्या वास्तव संख्या चालतात. मी म्हटलं, तीन घालून बघा मूळ प्रश्नात. खाली शून्य येतं. शून्याने भागता येत नाही. एक पोरगी उठून म्हणाली, “पण मॅडम, ते तर कापून टाकलं की. आता कुठं दिसून राहिलं तीन?” वर्ग हसला. मी हसले नाही. चोवीस वर्षांपूर्वी लातूरच्या क्लासमध्ये रविवारच्या पेपरानंतर मी तुला हेच म्हटलं होतं, जवळजवळ ह्याच शब्दांत.

आठवतं? तू खुर्चीच्या पाठीवर वही टेकवून उभा होतास. मला त्या प्रश्नाचे दोन गुण गेले होते आणि तुला मिळाले होते, आणि मला ते सहन होत नव्हतं. मुखेड तालुक्यातल्या खेड्यातून आलेली मी, चाकूरहून आलेला तू, दोघंही गावात पहिले आणि लातूरच्या त्या क्लासात शंभरावे. गुण म्हणजे जीव होता तेव्हा. मी तुझ्याशी भांडले की कापल्यावर जे उरतं ते सरळ एक्स अधिक तीन आहे, त्याला तीन घातला की सहा येतात, त्यात अडतंय कुठे. तू न चिडता म्हणालास, “कापलं म्हणून गेलं व्हय गं? प्रश्नात हुतं की ते. सोपं करायच्या आधी बघायचं असतंय, नंतर न्हाई.” मग तू आलेख काढलास. सरळ रेघ, आणि तीनच्या वर पेनाचं मागचं टोक टेकवून एक बारीक पोकळ गोल. म्हणालास, रेघ लांबून अखंड दिसती, पण इथं भोक हाय, आणि ते बुजत नसतंय. मी त्या दिवशी तुझ्यावर चिडले होते, आणि बहुतेक त्याच दिवशी मला तू आवडलास. माझ्या स्वभावाला ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या नाहीत कधी.

पुढची सात वर्षं तुला मी सांगायला नको. बी.एस्सी. नांदेडला, एम.एस्सी. नांदेडला, गोदावरीच्या घाटावर बसून सोडवलेले पेपर, तुझ्या सायकलची घंटी, जी वाजत नसे म्हणून तू तोंडाने वाजवायचास. आपण एकमेकांना किती वेळा म्हटलं असेल की आपल्यात तसलं काही नाही. मी जास्त वेळा म्हणायचे. आमच्या घरी जात कुणी विचारत नाही, आमचे आबा सगळ्यांच्या पंक्तीला बसतात, आमच्याकडे असलं काही चालत नाही, असं मी मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगायचे. ते खोटंही नव्हतं, आबांपुरतं. आणि स्वतःला मी आबांमध्येच धरून चालायचे. आपलं वेगळं तपासायला हवं हे सुचलंच नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला माहीत नाही. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी लातूरहून नांदेडला येताना आपण चाकूरला उतरलो होतो, तुझ्या घरी. तुझ्या आईने सकाळपासून स्वयंपाक करून ठेवला होता. पाटावर ताट मांडलं होतं, वांग्याचं भरीत, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाटीत दही. आणि मी म्हणाले की माझा उपवास आहे. तो मंगळवार होता, म्हणून मंगळवार सांगितला. तू काहीच मनावर घेतलं नाहीस, म्हणालास, ही भारी देवभोळी हाय आई. आनंदराज, त्या दिवशी माझा उपवास नव्हता. मी आयुष्यात मंगळवार धरलेला नाही. सकाळी लातूरच्या स्टँडवर मी तुझ्यासमोर पोहे खाल्ले होते, ते तू विसरलास. पण तुझ्या आईने माझ्याकडे एकदा बघितलं, ताट उचलून नेलं, शेजारून चार केळी मागवून आणली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “सालीतलं हाय, खा पोरी.” मी खाल्ली. नांदेडची गाडी अहमदपूरच्या पुढे गेल्यावर मला त्या ‘सालीतलं हाय’चा अर्थ लागला. माझा उपवास कसला ते त्या बाईला कळलं होतं. तिने मला उघडं पाडलं नाही, तुलाही सांगितलं नाही, फक्त मला चालेल असं काहीतरी शोधून दिलं. मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि तू विचारलंस तर म्हणाले, गाडी लागतेय. मग मी तो प्रसंग मनातून कापून टाकला. एकदाच झालं, आता होणार नाही, असं म्हणून.

तू आमच्या गावी आलास तो जानेवारी होता. तुझी नोकरीची ऑर्डर आली होती, नवा शर्ट होता, आणि तू एसटीतून उतरून आमच्या शेतापर्यंत तीन किलोमीटर चालत आलास, कारण रस्ता विचारायला तुला संकोच वाटला. आबांनी तुला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवलं, हरभऱ्याचे ढाळे उपटून आणले, गोवऱ्यांवर भाजले, आणि तुम्ही दोघांनी एकाच फडक्यावरचे हरभरे सोलून खाल्ले. काळे हात, काळी तोंडं. आईने भाकरी पाठवली तर आबांनी मोडून अर्धी तुझ्या हातावर ठेवली. तू मला नंतर फोनवर म्हणालास की मला तेव्हाच वाटलं, आपलं झालं. निघताना आबांनी तुला सांगितलं, “पोरीला इचारून कळवतो.” तुला ती टाळाटाळ वाटली असेल, पुढे जे झालं त्यावरून. ती नव्हती. आबांना खरंच विचारायचं होतं.

आठ दिवसांनी मी तुला नांदेडहून फोन केला. आबा नाही म्हणतात, असं मी सांगितलं. भावकी आहे, माझ्या भावाच्या, भीमाच्या, पोरींची लग्नं पुढे व्हायचीत, गावात राहायचंय त्यांना, असं बरंच काही मी सांगितलं, फार नीट मांडून, जणू सिद्धता लिहितेय. तू शेवटी ‘बरं’ म्हणालास. त्या ‘बरं’ला मी अजून दचकते. नंतर तुझं लग्न झाल्याचं कळलं, बदल्या कळल्या, मुलगी झाल्याचं कळलं, बुद्धप्रिया नाव ठेवल्याचं कळलं. त्या फोननंतर चार वर्षांनी, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला आलेल्या आबांना तू स्टँडवर दिसलास. तू त्यांना बघितलंस आणि तोंड फिरवून देगलूरच्या गाडीकडे गेलास, हे मी त्यांच्या बोलण्यावरून ताडलं. घरी आल्यावर आबा मला म्हणाले, “चाकूरचं पोरगं दिसलं. लई वाळलंय. म्या जयभीम घातला त्याला, ऐकू गेला नसंल, गर्दी हुती.” आबांनी जन्मात कुणाला जयभीम घातला नव्हता, रामराम घालणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी विचार करून घातला असणार. मी भाकऱ्या थापत होते. मी मान वर केली नाही.

आता गेल्या रविवारचं. आमच्याकडे रीत आहे की घरात कर्ता माणूस गेला की घरातलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. भीमाशंकरची थोरली, शिल्पा, तेवीसची झाली. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, तीन वर्षं थांबायला तयार नाही. तो तिला घेऊन इथे आला, फोनवर वधूवर मंडळाचा फॉर्म उघडला आणि म्हणाला, “तूच भर, तुझी भाषा चांगली हाय.” उंची, शिक्षण, नाडी, शेती किती, सगळं भरलं. शेवटी रकाना आला, अपेक्षा. भीमा मोठ्या मनाचा असल्यासारखा बोलला, “जातीची अट नाही, लिही. आपण काय जुन्या इचाराचे न्हाई.” मी लिहिलं. मग तो म्हणाला, “अन् पुढं कंसात लिही, एससी एसटी सोडून. समदेच लिहून राहिले तसं.” माझं बोट फोनवर तसंच राहिलं. त्याच आठवड्यात मी फळ्यावर चार वेळा लिहिलं होतं, सर्व वास्तव संख्या, तीन सोडून. शिल्पा माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, “आत्या, राहू द्या. हे मी बघते.”

भीमाला मी म्हटलं, हे लिहायची काय गरज आहे. तो शांतपणे म्हणाला, आणि आजवर मला कुणी एवढ्या जोरात मारलं नाही, “आबानं तुझ्या टायमाला न्हाई म्हणलं. तुझी समदी जिंदगी गेली तवा तू बोलली न्हाईस. आता आबाची रीत म्या मोडू का? त्यायला काय वाटंल?” बघ, ही आबांची रीत झाली. माझ्या एका फोनने ती त्यांच्या नावावर चढली, भावकीत पसरली, पंगतीत लोक त्यांचं कौतुक करत होते की व्यंकटरावांनी पोरीचं ऐकलं नाही, घराण्याचं राखलं. आणि आता ती शिल्पाच्या फॉर्मवर उतरून राहिली आहे. आईसुद्धा हेच धरून बसली आहे. खरं काय झालं ते दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक गेला.

तर चौथ्या ओळीचं उत्तर. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी, त्याच धुऱ्यावर, आबांनी मला विचारलं. म्हणाले, “पोरगं चांगलं हाय. माझ्या मनाचं म्हणशील तर मला काय बी अडचण न्हाई. भावकी चार दिस बोलंल, म्या बघतो त्यायचं. तुझं सांग.” आनंदराज, मी त्यांच्या नकाराची एवढी तयारी केली होती की रडायचं कसं, उपाशी राहायचं कसं, कोणत्या बसने पळून यायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. ते हो म्हणतील हे धरलंच नव्हतं. आणि ते हो म्हणाल्याबरोबर मला चाकूरचं ते ताट दिसलं. माझ्या मावश्या दिसल्या. उद्या माझ्या मुलांना शाळेत लोक कुणाची मुलं म्हणतील ते दिसलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटतेय याचीही लाज वाटली, आणि तरी मी म्हणाले, नको आबा. आबा म्हणाले, मग त्या पोराला काय सांगायचं? मी म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात असं सांगते. त्यांनी एक ढाळा उपटला, माती झटकली आणि म्हणाले, “सांग. माझ्या नावावर खपव. म्या म्हातारा माणूस, माझ्यावरचा राग त्यो गिळंल. तुझ्यावरचा त्याला गिळवायचा न्हाई.” सतरा वर्षांत ते एकदाही हे परत बोलले नाहीत. शेवटच्या आठवड्यात नांदेडच्या दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना, फक्त विचारलं, चाकूरच्या पोराला लेकरं किती. मी म्हटलं, एक मुलगी. म्हणाले, “चांगलं झालं.” तेव्हा आबांना तू दिलेली माफी परत घे. ती त्यांची नाही. त्यांनी तुझं काही बिघडवलं नव्हतं. ती माझ्याकडे वळव असंही मी म्हणत नाही, तो तुझा हक्क आहे आणि राग धरलास तर तो योग्य जागी असेल. शनिवारी मी गावी जाते आहे, भीमाला, आईला आणि शिल्पाला समोर बसवून हेच सांगायला, पण ते आधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. जमलं तर एकच कर. नांदेडच्या स्टँडवर आबांनी तुला जयभीम घातला होता, तो तुला ऐकू गेला होता हे मला माहीत आहे. तो अजून परत यायचा आहे. मला कळवू नकोस, तू तिथेच घाल, नाशिकला, तुझ्या दारात उभा राहून. त्यांना पोचेल.

तुझी, लातूरच्या वर्गात दोन गुणांसाठी भांडलेली,
दीपमाला